दुपारी दोनची झोप

शेंद्र्याच्या एका कारखान्यात मी शिफ्ट सुपरवायझर आहे. कोण सकाळच्या पाळीला, कोण रात्रपाळीला, याचा तक्ता दर शनिवारी मी लावतो. त्या तक्त्यावरून माणसं माझ्याशी भांडतात, रुसतात. एकजण तर पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आला होता, तो मी पुड्यासकट परत पाठवला. माणसांच्या वेळा ठरवण्यात आपला हात कुणी धरू शकत नाही, अशी माझी पक्की समजूत होती.

मुलगी बारावीला गेली आणि मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची तयारी सुरू झाली, तेव्हा मी तिचाही तक्ता लावला. चिकलठाण्यातलं आमचं घर रस्त्याला लागून. दिवसभर ट्रकचे हॉर्न आणि शेजारच्या बांधकामाची ठोकाठोक. म्हणून तिला सरळ रात्रपाळीच दिली. रात्री दहा ते पहाटे चार अभ्यास, चार ते सात झोप, मग औरंगपुऱ्यातला क्लास, आणि घरी येऊन जेवण झालं की दुपारी दीड ते पाच झोपेचा दुसरा हप्ता. बेरीज साडेसहा तास. कागदावर कुठंच चूक नव्हती.

"अहो, लेकराला रात्रीचं झोपू द्या की," बायको म्हणाली. "ती काय मशीन हाय का?"

"मी इतकी वर्षं रात्रपाळी केली, मला काय झालं?"

"तुम्हाला काय झालं ते मला विचारा," असं म्हणून ती भांडी घासायला गेली. मी काही विचारलं नाही.

दहा महिने तक्ता बिनबोभाट चालला. पोरगी गुणाची, एकदाही कुरकुरली नाही. मग क्लासनं सराव परीक्षा सुरू केल्या. दर रविवारी, खऱ्या परीक्षेच्याच वेळेला, दोन ते पाच. पहिल्याच रविवारी तिच्या सरांचा फोन आला. ती पेपरवर डोकं टेकून झोपली होती. सरांनी दोनदा उठवलं, पाणी दिलं, तरी पुन्हा झोपली. तब्येत बरी आहे ना, असं ते विचारत होते.

ती घरी आली तेव्हा मी तिला झापलं. लिहितानाही लाज वाटते, पण चांगलं झापलं. "बाकीच्या पोरांना येत नाही झोप, तुलाच बरी येते?"

"पप्पा, दोन वाजले की डोळे आपोआप मिटतात," ती म्हणाली. "मी काय करू?"

परीक्षा दुपारी दोनला असते, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आणि रात्रपाळीवरून दिवसपाळीत आलेल्या माणसाला पहिले दोन दिवस पत्रा दाबायच्या प्रेसवर उभं करायचं नाही, बोटं जातात, हा कारखान्यात माझाच नियम आहे. चाळीस माणसांच्या बोटांची काळजी मी घेत होतो. घरातल्या पोरीच्या बाबतीत मात्र माझी अक्कल गहाण पडली होती.

नवा तक्ता लावला. रात्री दहाला दिवे बंद, दुपारी आडवं व्हायचं नाही. दिवे बंद व्हायचे, पण तिचे डोळे सताड उघडे. आई शेजारी पडून तिच्या डोक्याला तेल चोळायची. मी दारातून विचारायचो, "लागली का झोप?" बायको खेकसायची, "लागत होती, तुम्ही मोडली!" कारखान्यातली माणसं आठवड्यात रुळतात. ही रुळेना. रात्री झोप नाही आणि दुपारी दोनला डोळ्यांवर झापड. त्यातच परीक्षेचा दिवस आला.

केंद्राबाहेर लिंबाच्या सावलीत आम्ही पालक बसलो होतो. कुणी जप करत होतं, कुणी मोबाइलवर व्हिडिओ बघत होतं. मी फक्त घड्याळ बघत होतो. दोन वाजले, अडीच वाजले. आता पेंगली असेल, आता कुणी उठवलं असेल, हेच मनात चाललं होतं. मला फार भीती वाटत होती.

ती बाहेर आली. पेपर कसा गेला हे सगळे बाप विचारत होते. मी विचारलं, "झोप आली का?"

"नाय आली."

मला हायसं वाटलं. मग तिनं डावा हात पुढं केला. परीक्षेला अर्ध्या बाह्यांचेच कपडे चालतात, त्यामुळे सगळं उघडं होतं. मनगटापासून कोपरापर्यंत चिमट्यांच्या लालनिळ्या खुणा. दोनचार ठिकाणी नखं रुतून रक्त आलेलं.

"झोप येईल, झोप येईल, सगळं ध्यान तिकडंच," ती म्हणाली. "फिजिक्सचे शेवटचे वीस प्रश्न वाचायचेच राहिले."

मी तिची माफी मागितली. तिथंच, सगळ्या पालकांदेखत. तक्त्यापायी मी आजवर कुणाचीच माफी मागितली नव्हती. ती रडली नाही, रागावलीही नाही. गाडीवर माझ्यामागं बसली आणि म्हणाली, "पप्पा, घरी गेल्यावर मी झोपणार आहे. किती वाजता उठायचं, ते सांगू नका."