ताई, बर्फ ताजा हाय न?

आमच्या धंद्यात शिल्लक माल राहत नाही. संध्याकाळी जे उरतं ते एक तर पाणी, नाहीतर किस्सा! अमरावतीत माझा बर्फाचा कारखाना आहे. वडिलांनी सुरू केला, आता मी चालवते. मशीन आणि लाद्या रफीकभाई सांभाळतात, गाडी गजू चालवतो. आम्ही तिघं चहाला बसलो की कोणीतरी म्हणतंच, "ताई, थे आठवते काय?" झालं! चहा तसाच राहतो.

*

पहिला फोनचा. बडनेऱ्याच्या एका बाईंनी नवीन रसवंती टाकली होती. ऑर्डर देताना विचारतात, "ताई, बर्फ ताजा हाय न?"

बर्फ शिळा कसा असतो? फोन स्पीकरवर होता. रफीकभाई पुढं सरकले, "बिलकुल ताजा, भाभी! आत्ताच गोठला, अजून थंडा बी नाही झाला!"

पलीकडून समाधानाचा आवाज, "मंग आरामात थंडा करून पाठवा!"

*

कॉलेजातले फिजिक्सचे एक सर आमच्याकडे नेहमी येतात. एकदा आले ते बारीक तार आणि दोन विटा घेऊनच. दोन स्टुलांवर लादी आडवी ठेवली, वरून तार टाकली आणि तारेच्या दोन्ही टोकांना विटा लटकवल्या. म्हणाले, "तार आरपार जाईल, पण लादी तुटणार नाही."

"असं कसं होईन, सर?" गजू हसला.

तार हळूहळू आत शिरायला लागली. कामं सोडून सगळे गोळा झाले. बऱ्याच वेळानं विटा धप्पकन खाली आल्या, आणि लादी अखंड! बोट फिरवलं, साधी भेगसुद्धा नाही.

सरांनी समजावलं, "दाबानं तारेखालचा बर्फ वितळतो, तार खाली सरकते, आणि वरचं पाणी पुन्हा गोठतं."

गजू एकदम गंभीर. "सर, हे रोड खोदणाऱ्याईले शिकवा न! थे आरपार जाते, पण मागचं बुजतच नाही!"

*

रफीकभाई करवत-छिन्नी घेऊन बसले की लादीतून पक्षी निघतो. अकोल्याच्या एका लग्नात गेटवर बर्फाचा राजहंस पाहिजे होता. मे महिना, अकोला, त्यात उघडं लॉन! रफीकभाईंनी आधीच बजावलं, "हंस टिकन, पण वरात टाइमावर आली पाह्यजे."

वरात कधी टाइमावर येते? ती चौकात नाचत होती, इकडे हंसाची मान गेली. मग पंख गेले. शेवटी ट्रेमध्ये एक गुळगुळीत, उभा गोळा उरला, एका बाजूनं पाणी सोडणारा. रफीकभाई तो उचलायला वाकले, तेवढ्यात नवरीची मावशी ओरडली, "अवो भाऊ, हात नका लावू! साक्षात अमरनाथची पिंड हाय!"

कुंकू आलं. फुलं आली. बायकांची रांग लागली. नवरा-नवरीही वाकली! मी रफीकभाईंकडे पाहिलं. त्यांनी छिन्नी हळूच पिशवीत टाकली.

दुसऱ्या दिवशी नवरीच्या वडिलांचा फोन. "ताई, लहानीचं लग्न ठरून राह्यलं. हंस नका पाठवू. डायरेक्ट पिंडच पाठवा!"

*

एकदा वलगावकडचे एक काका मोटरसायकलवरून चिंब भिजून आले. मागं आइस्क्रीमचा डबा बांधलेला. आत गारा! लिंबाएवढ्या.

"ताई, हे जपून ठेवा. माह्या संत्र्याच्या बगिच्याच्या नुकसानीचा पुरावा हाय. पंचनाम्याचे साहेब येईपर्यंत वितळल्या, तं कोण मानंल?"

ठेवल्या. दोन-तीन दिवसांनी काका साहेबांनाच घेऊन आले. साहेबांनी डबा पाहिला, कारखाना पाहिला. "काका, हा बर्फ इथलाच नाही कशावरून?"

काकांनी शांतपणे चाकू मागितला आणि एक गार मधोमध कापली. आत गोल गोल कडी, एक दुधाळ, एक पारदर्शक, कांद्यासारखे पापुद्रे! ढगात वर-खाली होताना गारेवर थरावर थर चढत जातात.

काका माझ्याकडे वळले, "सांगा ताई, असा बर्फ तुमाले बनवता येते काय?"

"नाही बाप्पा!" मी म्हणाले.

साहेबांनी गारेचा फोटो काढला, मग हसले. "इतकी वर्षं पंचनामे करून राह्यलो. गारा स्वतः जबानी द्याले आल्या, असं पहिल्यांदाच पाह्यलं!" आणि तिथूनच बगिच्यात गेले.

*

आता शेवटचा.

एका लग्नासाठी रफीकभाईंनी काचेसारखी स्वच्छ लादी बनवली होती, आत लालभडक गुलाब गोठवलेले. त्याच सकाळी वलगावहून फोन आला. एक आजोबा वारले होते. मुलगी लांबून यायची होती, तोवर देह ठेवायला तीन लाद्या पाहिजे होत्या. गजूनं सगळ्या लाद्या गोणपाटात गुंडाळून एकाच गाडीत भरल्या.

वलगावला तीन लाद्या उतरवून तो लग्नाच्या हॉलवर पोहोचला, गोणपाट सोडलं तर साधी लादी! गजूचा फोन आला, "ताई, गुलाबाची लादी वलगावलेच उतरवली!"

मी साधी लादी घेऊन स्वतः वलगावला धावले. अंगणात बायका बसलेल्या. आजोबांच्या उशाला ती लादी, गुलाबांसकट, आणि शेजारी आजी. मी हात जोडले. "आजी, आमची चूक झाली. ही लग्नातली लादी आहे. लगेच बदलते."

आजींनी मान हलवली. "राहू दे, बाई."

मग त्या आजोबांकडे वळल्या. "जलमभर एक गजरा नाही आणला तुमी. आन् आज आणले तं असे, का हात बी लागत नाही!"

एका बाईनं पदर तोंडाशी धरला. हसू होतं की रडू, कळलं नाही. मग सगळ्याच.

आजींनी लादीवर तळवा टेकवला आणि तशाच बसून राहिल्या. बायकांनी किती सांगितलं, हात गारठेल. त्यांनी उचलला नाही. मुलगी दारात आली, तेव्हा पहिला गुलाब आजींच्या हातात होता.