गोमीचा नवरा

"हे मी नाय बोलणार." सविताबाईंनी स्क्रिप्ट टेबलावर ठेवली. रेकॉर्डिंगला दहा मिनिटं उरलेली. मनात म्हटलं, झालं! आता हे कुठून उपटलं?

मी डहाणूजवळच्या एका छोट्या रेडिओ केंद्रासाठी मालिका लिहिते. मासळी विकणाऱ्या गोमीची गोष्ट, आठ भागांची. सातव्याच्या शेवटी सगळ्या बोटी परत येतात, गोमीच्या नवऱ्याची येत नाही. ऐकणाऱ्याला असं अडकवून ठेवायचं, त्याला आमच्यात हूक म्हणतात. मी हूक लावला आणि आई अंथरुणाला खिळली. दोन वर्षं एक ओळ लिहिली नाही. आई गेल्यावरही हात चालेना.

शेवटी आमचे मॅनेजर सावंत सर म्हणाले, "मॅडम, तो आठवा भाग एकदाचा संपवा. शुक्रवारी रेकॉर्डिंग." मी फाइल उघडली. आऊटलाइन, म्हणजे पुढे काय घडणार त्याचा आराखडा, तयारच होती. बोट बुडते, गोमी कुंकू पुसते, बचत गटात जाते, पायावर उभी राहते. अंगात त्राण नव्हतं. जसंच्या तसं लिहून मोकळी झाले.

आणि आता ही बाई अडून बसली. सविताबाई झाईच्या, किनाऱ्यावरच्या गावातल्या. गोमीचा आवाज त्यांचा. एरवी तलासरीच्या बाजारात सुकी मासळी विकतात.

"का नाही बोलणार?" सर वैतागले.

"माझ्याकडे पाड्यावरची एक बाई येते, दर बाजाराला. तिचा नवरा गुजरातच्या बोटीवर खलाशी. बोट सरहद्दीपलीकडे धरली, तो तिथं तुरुंगात. मला आवाजावरून गोमी म्हणूनच ओळखते. सुकट घेते नि विचारते, तुझा आला का गं? मी सांगते, नाय अजून. आता काय सांगू, मेला?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी गोमीला किनाऱ्यावर उभी करून विसरले होते, आणि ती बाई दर आठवड्याला तिची चौकशी करत होती.

"मग परत आणू त्याला," मी म्हटलं.

"नको ताई. माझा आला नि तिचा नाय आला तर?"

सरांनी कपाळावर हात मारला. "मग शेवट काय करायचा?"

रेकॉर्डिंग रद्द झालं. चार दिवस खपून मी भाग नव्यानं लिहिला. गोमी बचत गटात जाते, धंदा सांभाळते. नारळी पुनवेला नवऱ्याच्या नावाचा नारळ समुद्राला देते. कपाळावर कुंकू तसंच. बोट बुडत नाही, परतही येत नाही.

"याला शेवट म्हणतात?" सरांनी विचारलं.

"सध्या एवढाच आहे, सर."

भाग लागला. पुढच्या बाजारी ती बाई आली, सविताबाईंच्या पाटीपाशी बसली. "तुझा पण नाय आला ना?" म्हणाली. "बरं. दोघी वाट बघू." आणि सुकट घेऊन गेली.

तेव्हापासून एखादं रखडलेलं लिखाण परत हातात घ्यायचं असलं की मी आधी तलासरीच्या बाजारात जाऊन ऐकणाऱ्यांना विचारून येते, त्यांच्यात गोष्ट कुठवर आलीय. आऊटलाइन नंतर उघडते.