बंद खोलीतून आलेला पुकारा

गल्लीत कुणाला काही बाधलं की बाकीच्या बायका लिंबू उतरवायच्या आणि मला म्हणायच्या, "तू जरा लांबच थांब." कारण उतरवलेल्या लिंबाचं सरबत करून मी एकदा सासूबाईंदेखत प्यायले होते आणि मला साधी शिंकसुद्धा आली नव्हती. भूत, करणी, भानामती... यातलं काही म्हणजे काही मला पटत नाही. आजही नाही. पण परवा नातसून म्हणाली, "आजी, ते कोर्टातलं लिहून पाठवा की, कुणालातरी उत्तर ठाऊक असेल." म्हणून लिहितेय. बघा तुम्हाला काही सुचतंय का.

आणीबाणी उठली त्याच्या पुढचं साल. आमचे हे सोलापूरच्या कोर्टात शिपाई होते. काम पुकाऱ्याचं — म्हणजे केस निघाली की व्हरांड्यात उभं राहून माणसाचं नाव घ्यायचं, "अमुक अमुक, हाजीर हो." तीनदा. पहिल्याच हाकेला माणूस पुढ्यात येऊन उभा राहिला तरी हे उरलेल्या दोन द्यायचेच. वकील हसायचे, "आप्पा, तो आला की हो." हे म्हणायचे, "आला असंल. पुकारा पुरा व्हायचाय." आवाज असा खणखणीत, की बाहेर रस्त्यावरचा टांगेवाला मान वळवून बघायचा.

त्या वर्षी यांच्या घशात गाठ झाली. ऑपरेशन झालं, गाठ गेली, तिच्याबरोबर आवाजही गेला. उरली नुसती हवा. कान तोंडाशी नेला तर शब्द कळायचे. साहेब, म्हणजे मॅजिस्ट्रेट, माणूस भला. त्यांनी यांना घरी न बसवता चहापाण्याच्या कामावर ठेवलं. पुकाऱ्याला बसप्पा म्हणून दुसरा शिपाई आला. त्याचा आवाज बारीक. वकील म्हणायचे, "बसप्पा, पुकारतोयस का कानात सांगतोयस?" हे ऐकायचे आणि कपबशा उचलून निघून जायचे.

यांना घट्ट काही गिळवत नव्हतं. म्हणून मी रोज दुपारी हुलग्याचं माडगं घेऊन कोर्टात जायचे. मागच्या अंगाला कडुलिंबाचं झाड होतं, त्याखाली बसून हे प्यायचे. तिथंच म्हाकूबाई भेटली.

धनगराची बाई, सांगोल्याकडची. नवरा मायाप्पा तुरुंगात. त्या दोघांच्या कळपात दुसऱ्याची दोन मेंढरं निघाली, त्या मालकानं चोरीची फिर्याद दिली. जामीन मंजूर झाला होता, पण जामीनदार कुठून आणायचा? ना जमीन ना घर, आज या रानात तर उद्या त्या. त्यामुळं खटला उभा राहायच्या आधीच माणूस महिनोन् महिने आत. आणि आत एवढी गर्दी की निम्मे निजायचे तेव्हा निम्मे भिंतीला टेकून बसायचे.

बरं, तारीख तरी लागावी ना? तर केस दिलेली नव्या कोर्टाकडे. आणि नवं कोर्ट मंजूर झालेलं नुसतं कागदावर, त्याला खोलीच नव्हती. म्हणजे होती — व्हरांड्याच्या टोकाला, कुलूप घातलेली, आत मोडक्या खुर्च्या अन् कपाटं पार छतापर्यंत. त्यावर एक मीटिंगही झाली. चहा यांनीच दिला आणि घरी येऊन माझ्या कानाशी सगळं साग्रसंगीत सांगितलं. जेलर म्हणाले, "माझ्याकडं माणसं मावत नाहीत, तुम्ही केसी चालवा." साहेब म्हणाले, "चालवतो, पण बसू कुठं?" बांधकाम खात्याचे इंजिनिअर म्हणाले, "खोली तयार आहे, सामान तुमचं आहे, तेवढं हलवा." साहेब म्हणाले, "हलवतो की, पण किल्ली तुमच्याकडं." दोनदा चहा झाला आणि मीटिंग संपली. पुढं काय, तर कोर्ट बसत नाही म्हणून मायाप्पाला तुरुंगातून आणत नाहीत, आणि तो आलेला नाही म्हणून त्याचं नाव कुणी घेत नाही.

म्हाकूबाईला हे कोण समजावणार? तिनं एवढंच बघितलं होतं की नाव पुकारलं की माणूस येतो. रोज ती यांच्यासमोर येऊन बसायची.

"आप्पा, येकडाव हाक मारा की त्येला."

हे गळ्याला हात लावून दाखवायचे.

"हळू मारा. त्यो वळखील."

माडगं अर्धं टाकून हे उठायचे. मी तिला म्हटलं, "बाई, रोज रोज नको ना म्हणूस. त्यांना लागतं." ती म्हणाली, "मग म्या कुनाला म्हनू?"

दिवाळी झाली. कळप घाटाकडं निघायची वेळ आली. दीर थांबायला तयार नव्हता. आदल्या दिवशी ती येऊन झाडाखाली नुसती बसून राहिली. "उद्या निगायचं. मेंढरं सोडून मला ऱ्हाता यीना, आनि आमी माघारी येनार पाऊस पडल्यावर. मधीच सुटला तर त्यो आमाला कुटं हुडकंल?" यांनी वाटी खाली ठेवली. त्या दिवशी त्यांनी घोटसुद्धा घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही झाडाखाली होतो. म्हाकूबाईची जागा रिकामी. यांनी वाटी तोंडाला लावलेली... आणि हाक आली.

"मायाप्पा बिरू, हाजीर होऽऽ"

यांचा आवाज. संसार केलाय त्या आवाजाबरोबर, मी चुकेन कशी? आणि हे माझ्यासमोर, वाटी ओठाला. मी बघत होते हो त्यांच्याकडं. वाटी निसटली, माडगं सगळं मांडीवर सांडलं, तरी हे तसेच बसलेले. आवाज आला होता व्हरांड्याच्या टोकाकडून, त्या कुलूप लावलेल्या खोलीच्या बाजूनं.

मी पळत व्हरांड्यात गेले. बसप्पा माठापाशी, हातात पेला. "मी न्हाय," तो म्हणाला, "आईच्यान मी न्हाय." आणि पोलीस ज्या बाकावर कैद्यांना बसवतात तिथून एक वाळका माणूस उठला. म्हणाला, "हाय जी."

तो तिथं आला कसा? हवालदाराला विचारलं तर तो म्हणाला, "सकाळी तुरुंगाच्या फाटकात गाडी भरताना नाव घेतलं की ह्याचं. हा उठला, आम्ही बसवला. आतल्या कारकुनानं पुकारलं असंल." नंतर कळलं, कारकुनाला वाटलं होतं हवालदारानंच पुकारलं.

साहेबांनी आतून विचारलं, "कुणाचं नाव घेतलं?" बसप्पानं बाकाकडं बोट केलं. मग त्यांनी मायाप्पालाच पुढं बोलावलं. नव्या कोर्टाचा चार्ज तोवर याच साहेबांकडं होता, पण त्यांच्या स्वतःच्याच केसी संपत नसत. त्या दिवशी त्यांनी फाइल मागवली आणि वाचली. सरकारी वकील म्हणाले, "साहेब, घर ना दार. सोडला तर सापडायचा नाही." साहेब म्हणाले, "मेंढरं टाकून तो जाईल कुठं?" आणि त्याला जातमुचलक्यावर सोडला. म्हणजे जामीनदार नको, स्वतःच लिहून द्यायचं की तारखेला येईन.

मला मात्र धाकधूक. हा सुटला खरा, पण बायको सकाळीच गेली. आता हा कुठं कुठं हुडकणार?

कोर्ट सुटायच्या सुमाराला म्हाकूबाई आली. एकटीच, धुळीनं माखलेली. एका ट्रकवाल्याला हात करून आली होती.

"आलाय न्हवं त्यो?"

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? हाक आली की. मोहोळच्या रस्त्याला मेंढरं पानी पीत हुती, तवा."

"कुणाची हाक?"

तिनं यांच्याकडं बोट केलं. आणि ऐका — यांचा आवाज जाऊन सहा-सात महिने झाल्यावर ती पहिल्यांदा कोर्टात आली होती. तिनं तो कधीच ऐकलेला नव्हता. म्हटलं, "तुला कसं कळलं की यांचीच?" तर म्हणाली, "मग दुसरं कोन मारनार हुतं?" आणि गेली तुरुंगाच्या फाटकाकडं, सुटका तिथूनच व्हायची होती.

साहेबांनी दुसऱ्या दिवशी त्या खोलीचं कुलूप तोडायला लावलं. आत खुर्च्या, कपाटं आणि बोटभर धूळ. धुळीत मांजराचं पाऊलसुद्धा उमटलेलं नव्हतं. नव्या कोर्टाला जागा तेवढी झाली.

आता मी सगळं ताडून बघितलंय. एक वकील नकला भारी करायचे, पण ते त्या दिवशी कुर्डुवाडीला लग्नाला गेले होते. टेप म्हणाल, तर यांचा आवाज कुणी कधी भरून ठेवला नव्हता. आणि समजा कुणीतरी केली चेष्टा कोर्टात. मग फाटकात कोण बोललं? मोहोळच्या रस्त्यावर कोण बोललं? आम्हाला ऐकू आली ती एकच हाक, हवालदारानं ऐकली ती एक, म्हाकूबाईनं एक. मोजलं की तीन होतात... पण मोजून काय कळतं? कुणाचं कुणाला माहीत नाही, वेळही धड जुळत नाही. डोकं चालेनासं होतं माझं.

त्या रात्री यांना मी नीटच विचारलं. "अहो, तुमचाच होता ना?"

मी कान त्यांच्या तोंडाशी नेला, तेव्हा म्हणाले, "रोज मनात घ्यायचो त्याचं नाव. ती समोर बसायची ना... म्हणून. पण मनातच हां."

आणि कूस वळवली. मला वाटलं झोपले. तर माझ्या कानापाशी तोंड आणून, त्या नुसत्या हवेनं विचारलं,

"माझा आवाज एवढा चांगला होता गं?"

जन्मभर लोकांना हाका मारल्या, पण स्वतःची हाक त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा बाहेरून ऐकली होती. मी म्हटलं, "व्हय. असाच होता." त्यांच्या एवढ्याच प्रश्नाचं उत्तर मला देता आलं. बाकीच्यांची मी अजून तुमच्यासारख्यांना विचारतेय.