काट्यावरच्या अर्ध्या पावत्या

ऐंशी सालानंतरची गोष्ट. कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये मी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुरुस्त्या करायचे. त्या हंगामात जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कॉम्प्युटर बसला, त्याला प्रिंटर जोडला, आणि उसाच्या पावत्या अर्ध्याच छापून यायला लागल्या. शेतकऱ्याचं नाव यायचं, वजन गायब. काट्यावर रोज भांडणं. आमच्या मालकांनी मला तिकडं धाडलं.

सकाळची एस. टी., फाट्यावर उतरून मळीच्या वासातून पायपीट, संध्याकाळी तसंच माघारी. घरी मुलीला गोवर निघालेला. सासूबाई तिच्याजवळ बसून असायच्या. मी आले की त्या काही न बोलता उठून जायच्या, आणि तेच जास्त जड जायचं.

आधी मी कॉम्प्युटरचा मजकूर पाठवण्याचा वेग कमी केला. दुपारपर्यंत बरं चाललं. मग गाड्यांची रांग लागली आणि ओळी पुन्हा गळायला लागल्या. काट्यावरच्या कारकुनांनी माझ्याकडं न बघता वजनं हातानं लिहायला पेन काढलं.

शेवटी एके दिवशी केबलचा प्लगच खोलला. प्रिंटर बिचारा सावकाश छापणारा. मजकूर साठला की तो एका वेगळ्या तारेवरून कॉम्प्युटरला ‘थांब’ असा इशारा देतो. ती तारच कुणी जोडली नव्हती. उलट कॉम्प्युटरच्या बाजूला तारेचा एक तुकडा असा जोडून ठेवला होता, की त्याला कायम ‘चालू दे’ असंच कळावं. समोरचा घेतोय की नाही हे न बघता कॉम्प्युटर पाठवत राहायचा. मी तो तुकडा काढला, नवी तार घातली, सोल्डरचा डाग दिला. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं.

बाहेर एक म्हातारे शेतकरी बैलगाडी घेऊन थांबले होते. त्यांची पावती पहिली निघाली, पुरी. मागोमाग रांगेतल्या सगळ्यांच्याही पुऱ्या निघाल्या. म्हाताऱ्यांनी आपली पावती उजेडात धरून बघितली आणि कारकुनांपुढं ठेवली.

“मशीनची आसू दे. हातानं लिवल्याली बी एक द्या की.”

मी म्हटलं, “काका, आता चुकणार नाही.”

“तुमचं बरोबर आसंल, ताई. पर चार येळा असंच सांगिटलंया आमास्नी.”

मला राग यायला हवा होता, आला नाही. कारकुनांनी हाताची पावती लिहून दिली. पुढं हंगाम संपेपर्यंत ते सगळ्यांनाच दोन्ही पावत्या देत राहिले, म्हणजे त्यांचं काम दुप्पट झालं.

एस. टी.त खिडकीला डोकं टेकलं ते कोल्हापूर स्टँडवर कंडक्टरनं हलवल्यावरच उचललं. घरी मुलीचा ताप उतरला होता. सासूबाई म्हणाल्या, “आधी जेव, मग तिला घे.” मी ताटावर बसले, पण भाकरी मोडायलाही हात उठेना. त्यांनीच ती कुस्करून त्यावर दूध घातलं.