आबांची लांबडी

आबा लग्नाला गेले तरी आधी त्या गावातलं भंगाराचं दुकान शोधायचे. इकडं मंगलाष्टका चाललेल्या, अन् तिकडं आबा फेटा सावरत लोखंडाच्या ढिगात वाकलेले. अक्षता नवरा-नवरीच्या डोक्यावर कमी आणि आबांच्या खिशात जास्त. काकू म्हणायच्या, "ह्यांच्या लग्नाच्या टायमाला गावात भंगारवाला नव्हता, म्हणून मी हाय."

आमच्या सहकारी सूतगिरणीचे ते व्हाइस चेअरमन. गिरणीला कुलूप लागल्यावरही आमच्या गावात, चकलांब्यात, त्यांना लोक तेच म्हणत. त्यांची गाडी म्हणजे 'लांबडी'. लांब बोनेट, पेट्रोलचं दांडगं इंजिन. गेवराईच्या रस्त्यावर पुढाऱ्यांच्या जीपा धुरळ्यात सोडून ती निघून जायची आणि आबा आरशातसुद्धा बघायचे नाहीत.

मी त्या गिरणीत टायपिस्ट होते. बी.कॉम. आमच्या घराण्यातली पहिली पदवी. हे मी कुणी न विचारताही सांगते. आबा मला नावानं हाक मारत नसत, 'बीकॉम' म्हणत. कंपनीनं ती गाडी काढायची बंद केली तेव्हापासून मला दुसरी नोकरी लागली. पुणे, हैदराबाद, इंदूर, जिथं जिथं जुन्या पार्टचं दुकान ऐकलं तिथं इंग्रजीत पत्र लिहायचं. पाकीट चिकटवण्याआधी आबा पार्ट नंबर दोनदा मोठ्यानं वाचायला लावत. "एक आकडा चुकला तर ट्रॅक्टरचा पाइप यील, बीकॉम." उत्तर यायचं, 'नॉट अव्हेलेबल'. सुरुवातीला मी अर्थ सांगायची. पुढं तेवढे दोन शब्द आबा स्वतःच वाचू लागले.

जो पार्ट मिळेल तो दोन घ्यायचा, एक गाडीला आणि एक घराला, असा त्यांचा नेम. काकूंची कणगी त्यानंच भरली. "लोकांच्या कणगीत ज्वारी, आमच्या कणगीत गेरबॉक्स," म्हणायच्या. कुणी सुचवायचं, "आबा, डिझेलचं इंजिन बसवा की. पार्ट कुठंबी मिळंल." आबा चावी फिरवत म्हणायचे, "हरणाच्या अंगात हेल्याचं काळीज घालू का बे?"

मग सलग दुसऱ्या वर्षी पाऊस गेला. गावात टँकर आठवड्यातून दोनदा. लांबडीचा रेडिएटर गळका, तिला रोज पाणी लागायचं. एके दिवशी आबांनी टँकरच्या पाण्याची कळशी बोनेटकडं नेली, तेव्हा रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "पाजा, व्हाइस चेअरमन, पाजा. आमचं काय, आमी उद्याबी हितंच हाव." आबांनी ती कळशी तिच्या हंड्यात रिकामी केली. त्या दिवसापासून गाडीला शेतातल्या बोरचं मचूळ पाणी, ज्यात डाळसुद्धा शिजत नव्हती.

मेकॅनिक रफिकभाई हात जोडायचे. "आबा, खाऱ्या पाण्यानं इंजिनाच्या नसा बुजायल्यात."

"बुजू दे. त्या रांगंम्होरून गोडं पाणी न्यायला मला तोंड न्हाई."

पुढच्या उन्हाळ्यात भर रस्त्यात बोनेटखालून वाफ उसळली आणि इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, तडकलं. घरच्या साठ्यात सगळं होतं, नेमकं हेड नव्हतं. त्या महिन्यात मी लिहिलेली सगळी पत्रं तेच दोन शब्द घेऊन परत आली. आबांची झोप गेली. दिवसातून चारदा पोस्टात चक्कर.

शेवटी रफिकभाईंनी बातमी आणली: चौसाळ्याला हायवेवर एका हॉटेलवाल्याकडं तशीच गाडी आहे आणि तो विकायला तयार आहे. तिचं हेड काढायचं, लांबडीला बसवायचं. आम्ही तिघं एसटीनं गेलो. मी व्यवहाराचा कागद करायला.

गाडी एका चावीत चालू झाली. आबा एकटेच हायवेवर लांब जाऊन आले. उतरले तेव्हा केस उडालेले, डोळे ओले. रफिकभाईंनी पाना काढला. "सुरू करू?"

आबा गाडीभोवती फिरत राहिले. "गेर कावून कुरकुरतोय हो?"

हॉटेलवाला म्हणाला, "वडलांची गाडी हाय, आबा. पार्टच मिळंनात. म्हणून तर काढायलोय."

"माझ्याकडं हाय, कोरा. दाराचं रबर?"

"न्हाई."

"ते बी हाय."

परत एक फेरी. मग माझ्याकडं वळले. "बीकॉम, कागद उलटा कर. देणार मी, घेणार हे."

रफिकभाई ओरडलेच, "आबा, लांबडी द्यायले?"

"एक चालती मारून दुसरी उठवू व्हय? हिचंच हेड काढलं तर ही मेली. लांबडी दिली तर ही लई वर्सं पळंल. उद्या ट्रॅक्टरला बांधून आण. कणगीतलंबी समदं आण."

"काय द्यायचं, आबा?" हॉटेलवाल्यानं विचारलं.

"दारात उभी ठिवू नका. पळवा."

इतक्या वर्षांत पार्ट नंबर कधी न चुकलेली मी, त्या कागदावर लांबडीचा नंबर चुकले. आबांनी बोट ठेवलं. "सात हाय, एक न्हाई." आणि सही केली.

परतीच्या एसटीत बऱ्याच जागा रिकाम्या होत्या. आबा ड्रायव्हरच्या मागं, इंजिनाजवळ, दांड्याला धरून उभे. घाट नाही, गर्दी नाही, तरी उभेच. ड्रायव्हर वैतागून म्हणाला, "आजोबा, बसा की. जागा हाय."

"तू चालीव," आबा म्हणाले. "मला ऐकू दे."