बडीशेपेची सांदणं

म्हसळ्याच्या बाजारात औषधांच्या दुकानाला लागून एक अरुंद जिना वर जातो. वर रुकय्याआपाचा शिवणक्लास. दारावरच्या पाटीवर लिहिलंय की ब्लाऊज, ड्रेस, बुरखे शिवून मिळतील आणि मुलींना शिवण शिकवलं जाईल. पाटीवरचं सगळं खरं आहे. फक्त जे खरं आहे ते सगळं पाटीवर नाही.

रुकय्या उकये आता साठीला टेकली. नवरा जहाजावर होता, तो गेला तेव्हा पदरात दोन मुली आणि घरात एक शिलाई मशीन. त्या मशीनवर तिनं मुली वाढवल्या, त्यांची लग्नं लावली आणि पाठीला कायमचा बाक आणला. बोलायला फटकळ. उधारीवर शिवून मागणाऱ्या बायकांना ती सांगे, सुईत दोरा ओवायलासुद्धा चष्मा लागतो मला, आणि चष्मा कुणी फुकट देत नाही. तरी शिवून द्यायचीच.

क्लासच्या कोपऱ्यात माप घ्यायचा पडदा आहे. साधा निळ्या चिटाचा. पण त्या पडद्याएवढी पक्की भिंत अख्ख्या तालुक्यात नसेल. त्याच्या आत नवरा येऊ शकत नाही, दीर येऊ शकत नाही, सासू बाहेर बाकावर बसून राहते. माप घेता घेता रुकय्याला कळत गेलं की बायका कपड्यांच्या आत काय काय झाकून फिरतात. कुणाच्या दंडावर पट्ट्याचे वळ, कुणाच्या पाठीवर इस्त्रीचा डाग. एक पोर तर टेप लागताच थरथरायला लागली. रुकय्यानं तिला मागच्या खोलीत नेऊन बसवलं, पाणी दिलं आणि बाहेर सासूला सांगितलं की पोरीला चक्कर आली, तासाभरानं या. त्या तासाभरात ती पोर पहिल्यांदा कुणापाशी तरी बोलली. पुढे एकीनं दुसरीला सांगितलं, दुसरीनं तिसरीला. बायका माप द्यायला येऊ लागल्या, ज्यांना काही शिवायचं नव्हतं त्यासुद्धा.

या बायकांची इकडे आड तिकडे विहीर. पोलिसांत जावं तर मोहल्ला म्हणणार, घरची अब्रू परक्यांच्या दारात नेऊन टाकली. जमातीत जावं तर वडीलधारे म्हणणार, सबर कर बेटी. कोर्टाचं नाव काढावं तर बसच्या तिकिटापासून रड. म्हणून पनवेलच्या एका संस्थेनं या क्लासला हात दिला होता. खोलीचं भाडं, वकिलीणबाईंची फी, एखादीला रातोरात नाही पण दिवसाढवळ्या तरी सुरक्षित पोचवायला गाडीचा खर्च, असं सगळं ते देत. तिथली मृणाल नावाची मुलगी हे काम बघायची, जीव लावून बघायची.

मग संस्थेला पैसे देणाऱ्या मोठ्या लोकांच्या डोक्यात आलं की काम दिसायला हवं. फोटो हवेत. मृणालनं खालमानेनं सांगितलं, की चेहरा नको असेल तर पाठमोऱ्या बायका चालतील म्हणतात. रुकय्या म्हणाली, "त्यांना सांग, पाठीवरूनच तर नवरा वळखतो." उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना हे कळणं कठीण. रमजानच्या तोंडावर मदत थांबली. मृणाल फोनवर रडली आणि रुकय्यानंच तिची समजूत काढली.

अशा वेळी कुलसूमखाला जिना चढून आल्या. कुवेतहून कमावून आलेल्या नवऱ्याची विधवा, सुपारीच्या वाड्यांची मालकीण, आणि बाजारातून चालल्या तर माणसं बाकावरून उठून उभी राहतील असा दरारा. दरवर्षी त्यांची जकात, रमजानमध्ये काढायचं दान, मदरशाला जायची. या वर्षी त्यांनी ती रुकय्याच्या हातात ठेवली. गरीब पोरींना शिवण शिकवतेस असं ऐकलंय, एवढंच बोलल्या आणि धापा टाकत उतरून गेल्या. भाडं भागलं, गाडीसाठीही काही उरलं. रुकय्यानं त्या रात्री दोन रकात नमाज जास्त पढली.

आणि रमजान अर्धा सरला असताना तहसीन आली.

पोर चोविशीची. मुरूडच्या बाजूची, लग्न होऊन इकडे आलेली. पडद्याआड तिनं ओढणी बाजूला केली तर गळ्यावर बोटांचे ठसे, एका बाजूला चार, दुसरीकडे एक. नवरा म्हणाला होता की पुढच्या वेळी हात मधे सोडणार नाही. रुकय्यानं नवऱ्याचं नाव विचारलं. मुदस्सर. कुलसूमखालांचा भाचा. खालांना मूलबाळ नाही, मुदस्सरला त्यांनी पोटच्या पोरासारखा वाढवलेला. आखातातून सुट्टीवर आला की खालांची गाडी तोच चालवायचा.

जिच्या पैशानं त्या खोलीचं भाडं भरलं होतं, तिच्याच लाडक्याची बायको त्या खोलीत लपली होती. रुकय्यानं हे तहसीनला सांगितलं नाही. आधीच दार वाजलं की ती पोर मशीनच्या मागे जाऊन बसत होती, तिला आणखी कशाला घाबरवायचं, असा तिचा विचार. चांगल्या मनानं लपवलेली गोष्टच पुढे गळ्याशी आली.

मुदस्सर गावभर बायकोला शोधत फिरत होता. सकाळी एसटी स्टँडसमोर गाडी लावून बसायचा, दुपारनंतर माणगावच्या रस्त्याला. मृणालनं पनवेलच्या आसरागृहात जागा मिळवली होती, तिथलाही एक मजला पैशाअभावी बंद, पण एक खाट रिकामी झाली होती. क्लासखालच्या नाक्यावर विनेशची भाड्याची इको गाडी उभी असायची, तो काहीही न विचारता पनवेलला न्यायला तयार होता. प्रश्न एवढाच होता की मुदस्सर गावात असताना तहसीनला गावाबाहेर काढायचं कसं. आखातात परत जायची त्याची तारीख ईदनंतरची. तोवर एखाद्या दिवशी कुणीतरी बोलणार, आणि मग तो जिना चढणार. रुकय्या प्रत्येक पावलाचा आवाज ऐकत राहायची. वयानं कान गेले म्हणणारी बाई, पण त्या दिवसांत तिला जिन्यावरची मांजरसुद्धा ऐकू येत होती.

त्यात एका संध्याकाळी खालांच्या घरून क्लासच्या मुलींसाठी इफ्तारी आली. मोठं झाकणाचं पातेलं, त्यात बिर्याणी. मुलींनी चाटूनपुसून खाल्ली. आता पातेलं परत करायचं. आणि आमच्याकडे दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. साखरेची चिमूट का होईना, टाकून पाठवायची. मग खालांचं भांडं, ते तर भरूनच जायला हवं. दुसऱ्या दिवशी रुकय्याला ग्राहकांचे ईदचे कपडे संपवायचे होते. तहसीन म्हणाली, मी करते काहीतरी, बसून बसून हात सडले माझे. पातेलं कुणाचं, हे तिनं विचारलं नाही. एक नेकदिल बाई आहेत, एवढंच तिला माहीत. तिनं तांदळाच्या रव्याची, नारळाची गोड सांदणं वाफवली. वाट्यांतून काढलेली, पांढरीशुभ्र. रुकय्यानं पातेलं बंद केलं, अजान व्हायच्या आत पोचव म्हणून विनेशच्या हाती दिलं, आणि परत मशीनवर बसली.

अजान झाली. खजूर खाऊन रुकय्यानं एक सांदण उचललं आणि तिला दाताखाली काहीतरी लागलं. बडीशेप. सांदणात बडीशेप कोण घालतं, असं तिनं हसून विचारलं.

तहसीनही किती दिवसांनी हसली. म्हणाली, "आमच्या माहेरीच घालतात. इकडं कुणी न्हाय घालत. गेल्या ईदला मुदस्सरच्या खालांना एवढी आवडली, चारदा मागून घेतली त्यांनी."

 रुकय्यानं सांगायला नको ते त्या क्षणी सांगितलं, कारण आता न सांगून भागत नव्हतं. पातेलं कुणाचं ते ऐकल्यावर तहसीन उठली नाही, रडली नाही. हातातलं सांदण तिनं ताटात ठेवलं आणि ओढणी गळ्याभोवती घट्ट गुंडाळत राहिली. विनेशला फोन केला तर तो म्हणाला, पातेलं कधीच दिलं, खालांनी स्वतः घेतलं, आणि आत पाहुणे जमले होते, मुदस्सरची आईपण होती आणि तोही. म्हणजे सगळं घर इफ्तारला एकत्र, आणि मधे बडीशेपेची सांदणं. दवंडी पिटायची ती आणखी कशी पिटतात.

त्या रात्री दोघींनी दाराला मशीन लावून ठेवलं. रुकय्या पढत राहिली आणि पढता पढता शब्द विसरत राहिली. तिला स्वतःची चीड येत होती. सगळ्या गावाचे वळ न बोलता ओळखणाऱ्या बाईला पातेलं भरताना साधं एक वाक्य बोलता आलं नव्हतं. सेहरीला तिनं तहसीनसमोर भाकरी ठेवली, पण दोघींनीही नुसतं पाणी पिऊन रोजा धरला.

दुसऱ्या दिवशी जुम्मा. नमाज सुटल्यावर खाली गाडी थांबली. रुकय्यानं खिडकीतून पाहिलं. खालांची पांढरी गाडी, आणि मुदस्सर उतरून मागचं दार उघडत होता.  क्लासमधल्या मुली सुट्टीवर, वर दोघीच. तहसीन मागच्या खोलीत, आणि त्या खोलीला दुसरं दार नाही. रुकय्यानं कापड कापायची मोठी कात्री उचलली, मग तिची तिलाच लाज वाटली, तरी तिनं ती खाली ठेवली नाही.

जिन्यावर पावलं वाजली. सावकाश, मधे थांबत. एकाच माणसाची.

कुलसूमखाला आत आल्या. रंग पांढरा पडलेला, डोळे आत गेलेले, कठड्याला धरून उभ्या. रुकय्याच्या हातातल्या कात्रीकडे त्यांनी पाहिलं. दारातून खाली ओरडून त्यांनी भाच्याला सांगितलं की माप द्यायचंय, वर येऊ नकोस. मग त्या पडद्यामागे गेल्या. रुकय्याही गेली. टेप गळ्यात होता, कात्री अजून हातात.

"सांदणं कुणी केली?" खालांनी हळूच विचारलं.

रुकय्या म्हणाली, मी. खोटं बोलायची सवय असलेल्या बाईलाही ते खोटं नीट जमलं नाही.

"तू न्हाय केलीस," खाला म्हणाल्या. "झाकण उघडलं तवाच वास आला मना. पातेलं तसंच माझ्या खोलीत नेलं. म्हटलं, गोड हाय, शेवटी वाढू. टाकणार कुठं? मोरीत टाकलं तर नोकरबाय बघल, कोंबड्यांना घातलं तर सगळं आंगण बघल. मग बसून खाल्ली. सगळी."

रुकय्याला आधी उमगलंच नाही. मग आठवलं की खालांना साखरेचा आजार. गावाला माहीत होतं, त्यांच्या चहातसुद्धा साखर नसते. रात्रभर त्यांना उलट्या झाल्या होत्या, आज त्यांना रोजाही धरता आला नव्हता. घरच्यांना त्यांनी सांगितलं, बिर्याणी बाधली.

रुकय्या काही बोलायला गेली तर खालांनी हातानं थांबवलं. त्यांच्याकडे वेळ थोडा होता आणि धाप जास्त. त्या भराभर सांगत गेल्या. मुदस्सरला त्यांनी म्हटलं होतं की तुझी बायको माहेरीच गेली असणार, चल मी स्वतः तुझ्याबरोबर येते, माझ्यासमोर ते लोक खोटं बोलणार नाहीत. तो लगेच तयार झाला. आता इथून दिघी, दिघीहून गाडीसकट फेरीबोटीनं आगरदांडा, तिथून मुरूड. तिच्या माहेरच्यांना काहीच माहीत नाही, तेव्हा ते खरंच बोलतील. बोट एकदा धक्क्यावरून सुटली की गाडी मधेच वळवता येत नाही. परत यायला रात्र होईल, नाही झाली तर त्या आजारी पडतील, तेवढी तयारी कालच झाली आहे. तोवर पोरीला जिथं न्यायचं तिथं ने. कुठं, ते मला सांगू नकोस.

"आन् जकात?" रुकय्याच्या तोंडून गेलं, आणि असं या वेळी विचारल्याबद्दल तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खाला म्हणाल्या की ती चालूच राहील, पुढच्या वर्षीही. फक्त माझं नाव कुठं घेऊ नकोस.

मागच्या खोलीच्या दाराशी काहीतरी हललं. खालांनी तिकडे पाहिलं, पाऊल उचललं आणि परत ठेवलं. ज्या हातांनी मुदस्सरला भरवलं तेच हात पडद्याच्या दोरीला धरून होते. आपल्या पोराला फसवून निघालेल्या बाईच्या तोंडावर जे असतं ते रुकय्यानं पाहिलं. ते समाधान नव्हतं.

"खाला, त्याला कळलं तर तुमचं काय?" रुकय्यानं विचारलं.

खालांनी बुरख्याचा पदर सारखा केला. बाहेर मुदस्सर हॉर्न वाजवत होता.

"माझ्या वक्ताला म्हसल्यात शिवणक्लास नव्हता," त्या म्हणाल्या आणि पडदा सारून जिना उतरायला लागल्या.

रुकय्या खिडकीशी गेली. खाली दार लागलं, गाडी दिघीच्या रस्त्याला वळली. मग तिनं विनेशला हाक मारली.