फ्लॉक्सच्या वाफ्यातला मुजरा

बडोद्याच्या राजवाड्याच्या बागेत मी एका मांडववाल्याला मुजरा केला होता. एकदा नव्हे, रीतीप्रमाणे तीनदा.

जळगावहून मला दाखवायला आणलं होतं. मुलाचे आजोबा संस्थानच्या नोकरीत होते, आणि अशा जुन्या घरांना फुलांच्या दिवसांत बाग पाहायला मिळायची. म्हणून पोहे घरात न होता बागेत ठरले. बडोद्यातच फतेगंजला राहणाऱ्या माझ्या मावशीने बजावलं होतं, "दरबारी माणसं आहेत. जरा रीत दिसू दे." मी बावळट आठवडाभर आरशासमोर मुजऱ्याचा सराव करत होते. आरशानेही काही सांगितलं नाही.

बाग मात्र सुरेख होती. फ्लॉक्स, पिटुनिया, कडेला पुरुषभर उंचीचे हॉलिहॉक. मी त्यातलं काही धड पाहिलं नाही. मान खाली घालून सतरंजीवर बसले होते.

तेवढ्यात लाल फेटा, पांढरा सूट, हातात छडी असा एक उंच गृहस्थ वाटेने आला. मुलाचे वडील त्याच्याशी बोलायला उठले. मला तेवढं पुरलं, हे महाराजच. पदर सावरून मी उठले, तीन मुजरे केले आणि पाठ दाखवायची नाही म्हणून तशीच मागे सरकत निघाले. मागे पाण्याचा पाइप होता. पुढच्या क्षणी मी फ्लॉक्सच्या ओल्या वाफ्यात बसले होते.

"अरे बेन, वाग्युं तो नथी ने?" लागलं तर नाही ना, असं तो गृहस्थ विचारत होता. लग्नाच्या मांडवासाठी हिरवळ मोजायला आला होता बिचारा. छडी मोजायचीच होती.

मुलगा मोठ्याने हसला. त्याचे वडील हसले नाहीत. ते चेंगरलेली फुलं बघत होते. मावशी माझ्या कानाशी लागली, "आटोपलं. रात्रीची गाडी बघते."

मला त्या मुलाचा संताप आला होता. आणि तो मला आवडलाही होता, हे त्याहून वाईट. चिखलाने भरलेली साडी सावरत मी नळापाशी गेले. मुलाची आई मागोमाग आली. नळ सोडला, माझा पदर धरला आणि म्हणाली,

"इतक्या मुली दाखवल्या त्याला, एकदाही दात दिसले नव्हते मेल्याचे. मावशीला सांग, गाडीचं राहू दे, आधी तारीख काढू."